प्रत्येक वाडग्यात एक तुकडा

मटण शिजले की फोडी कोणाच्या ताटात पडतात आणि शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला नुसता रस्सा कसा उरतो, हे आपल्याला माहीत आहे. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात ‘कासुएला’ नावाचा घरगुती पदार्थ आहे. त्याची वाढण्याची रीत पाहण्यासारखी आहे.

कासुएला म्हणजे मुळात मातीचे भांडे. त्यात गोमांसाचे मोठे तुकडे, बहुधा हाडासकट, कांदा-गाजरासोबत भरपूर पाण्यात मंद आचेवर शिजवतात. स्वस्त, चिवट मांसही अशाने मऊ होते. मग बटाटे, लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे, फरसबी, थोडे तांदूळ घालतात आणि वरून कोथिंबीर. बटाटा, भोपळा व मका ही अमेरिका खंडातलीच जुनी पिके; गाई-बैल मात्र सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी नेले.

वाढताना प्रत्येकाच्या वाडग्यात मांसाचा एक तुकडा, एक अख्खा बटाटा, भोपळ्याची एक फोड, कणसाचा एक तुकडा आणि वरून रस्सा. रस्सा सगळ्यांना आणि तुकडाही सगळ्यांना.

आरोग्याच्या दृष्टीने हेच महत्त्वाचे. ‘सगळी ताकद पाण्यात उतरते’ असे समजून आपण लहान मुलांना, आजाऱ्यांना नुसते अळणी पाणी देतो. पाण्यात चव, मीठ, चरबी आणि थोडी जीवनसत्त्वे उतरतात. पण बहुतेक प्रथिने व लोह तुकड्यातच राहतात. म्हणून पाण्यासोबत मऊ शिजलेले मांस बारीक करून द्यावे.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागते, तर पाळी येणाऱ्या स्त्रीला २९ मिलिग्रॅम. जिला जास्त गरज, तिलाच रस्सा, हा हिशेब उलटा आहे. मांसातील लोह शरीर सहज घेते आणि सोबतच्या भाजी-धान्यातील लोहही त्यामुळे अधिक मिळते.

मांस नसेल त्या दिवशी मसूर, हरभरा, पालेभाजी यांवर लिंबू पिळावे. जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये. लोह कमी मिळते. रक्तदाब असल्यास रश्श्यात मीठ कमी टाकावे, वर आलेली चरबी काढावी. सतत थकवा, चक्कर, धाप असेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासावे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या जेवण सुधारले म्हणून बंद करू नयेत.

आणि पुढच्या वेळी पातेले उतरवल्यावर आधी घरातली माणसे मोजा, मग तुकडे वाढा. मोजताना रांधणारीला विसरू नका.