साथीला कोण उभं राहतं?

भोरहून रायरेश्वराच्या वाटेला लागलं की आंबवडे येतं. नागेश्वराचं जुनं देऊळ, झुलता पूल, गर्द झाडी. ट्रेकिंगवाली मुलं पुलावर फोटो काढतात आणि पुढे सटकतात. मी थांबले होते ते बायकांच्या भजनासाठी. दहा-बारा जणी, एक पेटी, एक पखवाज, बाकी सगळे टाळ. भजन संपलं, चहा उकळत होता, आणि गप्पांत कुणीतरी पुण्याच्या त्या गाणाऱ्या पोरींचा विषय काढला. ‘ताई, गाणं म्हटलं म्हणून पकडतात का हो?’

आता याला काय उत्तर देणार? ‘हो’ म्हटलं तर अर्धं खोटं, ‘नाही’ म्हटलं तरी अर्धं खोटंच. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगत बसले. तेच इथे लिहितेय.

कबीर कला मंच हा पुण्यातला तरुणांचा गट. २००२ मध्ये, गुजरातच्या दंगलीनंतर सुरू झालेला. वस्तीतली, कॉलेजातली मुलंमुली डफ-ढोलकी घेऊन जातीवर, हुंड्यावर, महागाईवर गाणी करायची. त्यांच्यातली शीतल साठे ही कासेवाडीची मुलगी. तिचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. माइक नसला तरी मैदानाच्या टोकापर्यंत पोहोचणारा!

२०११ मध्ये एटीएसनं या गटातल्या काही जणांना पकडलं. आरोप होता तो बंदी असलेल्या माओवादी पक्षाशी संबंध असल्याचा, आणि कायदा लावला होता यूएपीए. म्हणजे कागदावर गुन्हा गाण्याचा नव्हता, संघटनेचा होता. पण पुरावा म्हणून काय काय दाखवलं जातं ते बघितलं तर गाणी, भाषणं, पुस्तकं पुन्हा पुन्हा समोर येतात. मंचाच्या कलाकारांनी हे आरोप कायम नाकारले. पकडापकडीनंतर शीतल, तिचा नवरा सचिन माळी आणि आणखी काही जण भूमिगत झाले. एरवी गर्दीत गाणारी माणसं जवळजवळ दोन वर्षं कुठे होती ते कुणाला कळलं नाही.

आता मला खरं सांगायचंय ते इथून पुढचं. गाणारा गप्प झाला की त्याच्या साथीदारांनी काय करायचं?

आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा चित्रपट याच सुमारास आला. चौदा वर्षं खपून केलेला. १९९७ मध्ये मुंबईत रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं गेली आणि त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला, तिथून तो सुरू होतो. कबीर कला मंचाची मुलं त्यात गाताना दिसतात. शीतलची आईही बोलते. मुलगी बेपत्ता, आणि आई कॅमेऱ्यासमोर. मला तरी त्या माउलीचा चेहरा गाण्यांइतकाच लक्षात राहिला. वस्त्यावस्त्यांतून पडदा लावून हा चित्रपट दाखवला गेला आणि जी माणसं समोर येऊन गाऊ शकत नव्हती त्यांचा आवाज लोकांपर्यंत जात राहिला. पटवर्धनांनी चित्रपटाच्या पुरस्काराची रक्कमही या कलाकारांच्या बचावासाठी दिली. बचाव समिती उभी राहिली. त्यात चित्रपटवाले, नाटकवाले, लेखक आले. संभाजी भगतांसारखे शाहीर उघडपणे पाठीशी उभे राहिले.

समिती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर निवेदन आणि सह्या येतात. सह्या करणं सोपं असतं हो. दोन मिनिटांचं काम. पण ज्याच्या घरात कोर्टाची केस शिरलीय त्याला विचारा, कशाकशाची गरज लागते ते! वकील हवा. दर तारखेला कोर्टात बसणारं माणूस हवं. जामीन मंजूर झाला तरी जामीनदार हवा आणि त्याची ऐपत दाखवणारे कागद हवेत. झोपडपट्टीत राहणाऱ्या आईबापानं ते कुठून आणायचे? तुरुंगातल्या कॅन्टीनसाठी मनीऑर्डर हवी. मुलाखतीला जायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते. कलाकाराचं तर आणखीच वेगळं. तो आत असतो तेव्हा त्याचे कार्यक्रम बंद, म्हणजे घरातली चूल बंद. ही कामं कुठल्या बातमीत येत नाहीत, आणि माझ्या मते साथ म्हणतात ती हीच.

२०१३ च्या जानेवारीत मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती अभय ठिपसे यांनी आधी पकडलेल्यांपैकी काही जणांना जामीन दिला. समाजातल्या अन्यायावर बोलणं, समाज बदलायला हवा असं म्हणणं, एवढ्यावरून कुणी बंदी असलेल्या संघटनेचा सदस्य ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. मग २ एप्रिल २०१३ ला शीतल आणि सचिन मुंबईत विधान भवनासमोर येऊन उभे राहिले. बरोबर पाठिंबा देणारी मंडळी होती, प्रकाश आंबेडकर होते. ही शरणागती नाही, सत्याग्रह आहे, असं त्यांनी सांगितलं. गाणं म्हटलं, आणि पोलिसांनी दोघांना ताब्यात घेतलं. शीतल तेव्हा गरोदर होती.

आंबवड्याच्या चहाचे कप इथे हातातच राहिले होते. ‘म्हणजे बाळंतपण जेलात?’

तेच तर होऊ घातलं होतं. कायदा सांगतो की कैदी आईबरोबर सहा वर्षांपर्यंतचं मूल राहू शकतं. सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये असंही सांगून ठेवलंय की बाळंतपण शक्यतो तुरुंगाबाहेरच्या दवाखान्यात व्हावं आणि बाळाच्या जन्मदाखल्यावर जन्मठिकाण म्हणून तुरुंगाचं नाव येऊ नये. वाचायला बरं वाटतं. पण खालच्या कोर्टानं शीतलचा जामीन नाकारला होता. अखेर जूनच्या शेवटी हायकोर्टानं माणुसकीच्या मुद्द्यावर तो मंजूर केला आणि तिचं मूल मोकळ्या हवेत जन्माला आलं. नवरा मात्र आतच. सचिन माळी, सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना सुप्रीम कोर्टानं जामीन दिला तो ३ जानेवारी २०१७ ला. पावणेचार वर्षं म्हणजे बाळ चालायला, बोलायला शिकून झालेलं असतं. एवढ्या काळात ही बाई मूल सांभाळत होती, तारखा सांभाळत होती आणि गातही होती.

आपल्याकडेच असं होतं असं नाही. २०१२ मध्ये रशियात ‘पुसी रायट’ या गटातल्या तीन मुलींना चर्चमध्ये सरकारविरोधी गाणं म्हटलं म्हणून दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली. पुढे एकीची शिक्षा स्थगित झाली. ज्या दोघी आत राहिल्या त्या दोघींना घरी लहान मुलं. तेव्हा मॅडोनानं मॉस्कोच्या कार्यक्रमात पाठीवर त्यांच्या गटाचं नाव लिहून गाणं केलं होतं. तेही एक धाडसच, नाही कशाला म्हणू? पण मॅडोना दुसऱ्या गावी जाते. राहतात ते घरचे आणि गटातले.

मी हे सांगत होते तेव्हा कोपऱ्यातल्या मावशी गप्प होत्या. त्यांनी एकदम विचारलं, ‘आणि समजा आमच्या पखवाजवाल्यानं सुनेला मारलं नि केस झाली, तर त्याच्याही पाठी उभं राहायचं का?’

मैत्रिणींनो, हा प्रश्न मोठमोठ्या संगीत सभांना पडायला २०१८ साल उजाडावं लागलं. तेव्हा ‘मी टू’च्या लाटेत चेन्नईच्या संगीत क्षेत्रातल्या बायका बोलल्या आणि तिथल्या म्युझिक अकादमीनं त्या वर्षीच्या डिसेंबर हंगामातून सात कलाकारांना वगळलं. त्याआधी वर्षानुवर्षं काय होतं? ‘एवढा मोठा कलाकार’, ‘गुरू आहेत आपले’ असं म्हणत सगळे गप्प. तीही एका अर्थानं साथच होती, फक्त चुकीच्या माणसाला दिलेली. म्हणून मी मावशींना म्हटलं, पखवाजवाल्याला वकील मिळू द्या, तो त्याचा हक्क आहे. पण तुम्ही जाऊन बसा त्या सुनेशेजारी. सरकारनं एखाद्या गाणाऱ्यावर बोट ठेवणं आणि घरातल्या बाईनं ठेवणं, यात फरक आहे. पहिल्यात बळ कुणाकडे आहे ते बघायचं, दुसऱ्यातही तेच बघायचं. त्या हसल्या. ‘ते कळतंय. पण मग भजनाला पखवाज कोण धरणार?’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. (पुढे कळलं, त्यांच्यातलीच एकजण आता शिकतेय. केस वगैरे काही नाही, म्हातारे बुवा थकलेत इतकंच.)

कबीर कला मंचाची गोष्ट मात्र २०१७ ला संपली नाही. शीतल आणि सचिन यांनी ‘नवयान महाजलसा’ सुरू केला. मंचाचे बाकीचे कलाकार ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावरच्या एल्गार परिषदेत होते आणि त्या प्रकरणात सप्टेंबर २०२० मध्ये एनआयएनं सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना अटक केली. पुन्हा यूएपीए. या कायद्यात आरोप वरवर खरा वाटला तरी जामीन अडतो, त्यामुळे खटला उभा राहण्याच्या आधीच माणसाची वर्षं जातात. ज्योतीचा जामीन हायकोर्टानं ऑक्टोबर २०२२ मध्ये नाकारला. सुप्रीम कोर्टानं तिला अंतरिम जामीन दिला तो नोव्हेंबर २०२५ मध्ये, म्हणजे पाच वर्षांहून जास्त काळ भायखळ्याच्या तुरुंगात काढल्यावर.

तिच्या विचारांशी तुम्ही सहमत असा नाहीतर नसा, मीही सगळ्या बाबतीत नाही. पण खटला चालवा, पुरावा मांडा आणि तोवर माणसाला घरी राहू द्या, एवढं म्हणायला तिचे विचार पटायला लागत नाहीत. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ बघितलाय? २०१४ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. त्यात एका म्हाताऱ्या शाहिरावर खटला चालतो. आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगारानं जीव दिला. शाहीर झालेत नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार, गाणी संभाजी भगतांची. म्हणजे चळवळीतलीच माणसं पडद्यावर उभी आहेत. त्यात आरडाओरडा नाही, मारामारी नाही. नुसत्या तारखा पडत राहतात, वकील आणि सरकारी वकील आपापल्या घरी जाऊन जेवतात, आणि म्हातारा कोर्टातून तुरुंगात, तुरुंगातून कोर्टात. आंबवड्याला कुणीच तो पाहिला नव्हता. एकीच्या मुलाकडे प्रोजेक्टर आहे, पुढच्या एकादशीनंतर बघायचं ठरलंय.