पर्सेंटाइल आला, बारावी अजून बाकी आहे

बारावीनंतरच्या वाटा : भाग ७

११ फेब्रुवारी २०२५ ला राज्य मंडळाची बारावीची लेखी परीक्षा सुरू झाली आणि त्याच दिवशी जानेवारीतल्या जेईई मेनचा निकालही लागला. ज्यांना ९५-९६ पर्सेंटाइल मिळाला त्यांच्या घरी पेढे वाटले जाणार, यात नवल नाही. पण त्यानंतर अनेक घरांतून एक वाक्य ऐकू येते : ‘आता बोर्डात नुसतं पास झालं तरी चालतंय.’ या आठवड्यात या वाक्याचाच हिशेब मांडू.

एनआयटी, ट्रिपल आयटी किंवा आयआयटीत जागा घ्यायची तर बारावीला ७५ टक्के लागतात, नाहीतर आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावे लागते. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांसाठी ही अट ६५ टक्क्यांची आहे. ओबीसींना आणि आर्थिक दुर्बल घटकाला मात्र यात सवलत नाही. जागा राखीव असतात म्हणून टक्क्यांतही सूट असेल, असे पुष्कळ पालक गृहीत धरून चालतात. कोरोनाच्या काळात ही अट शिथिल होती. २०२३ पासून ती पुन्हा लागू झाली, तरी थोरल्या भावंडांच्या तोंडून ‘आमच्या वेळी कुणी विचारलं नाही’ हेच ऐकू येते.

हे टक्के पाच विषयांवर काढतात : भौतिक, रसायन, गणित, एक भाषा आणि उरलेल्यांपैकी सर्वाधिक गुणांचा एक विषय. दोन भाषा घेतल्या असतील तर जिच्यात गुण जास्त ती धरतात. समजा, एखाद्याला भौतिकमध्ये ७२, रसायनात ७०, गणितात ६६, मराठीत ८४ आणि जीवशास्त्रात ७९ मिळाले. बेरीज ३७१. पाचशेपैकी ३७५ हवेत, म्हणजे चार गुण कमी पडले. मराठीऐवजी इंग्रजीचे ६८ धरावे लागले असते तर तूट वीसची झाली असती. ‘मराठी काय, आदल्या रात्री वाचू’ म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा वहीत करून पाहावे.

कमी पडलेले ते चार गुण बहुधा प्रॅक्टिकलमध्ये सापडतात. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राला ३०-३० गुण प्रात्यक्षिकाचे, गणित व भाषांना २०-२० गुण अंतर्गत आणि तोंडी परीक्षेचे. आपल्याकडे खरी अडचण इथेच आहे. प्रवेश हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव-कळमनुरीच्या कनिष्ठ महाविद्यालयात, मुक्काम नांदेड-लातूरच्या क्लासला. कागदावर हिंगोली छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळात येते, नांदेड-लातूर लातूर मंडळात. प्रॅक्टिकल मात्र जिथे नाव आहे तिथेच द्यावे लागते. वर्षभर प्रयोगशाळेत पाऊल न टाकलेला मुलगा जानेवारीच्या शेवटी गावी येतो आणि मित्राचे जर्नल रात्रभर उतरवून काढतो. परीक्षकाने स्क्रू गेज हातात दिले की शून्यांकाची चूक काढताना त्याची बोबडी वळते. कॉलेज आणि क्लास यांच्या टाय-अपचा हा धंदा उघड आहे. २०१८ मध्ये सरकारने काही विभागांत विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली होती. त्या आदेशाने मुले वर्गात परतली, असे मला तरी दिसत नाही.

सगळ्यांना ७५ टक्क्यांचे भय नको. राज्याच्या सीईटीतून अभियांत्रिकीला पीसीएममध्ये खुल्यांना ४५ आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के पुरतात. नीटवाल्यांना पीसीबीत ५० लागतात, अनुसूचित जाती-जमाती व ओबीसींना ४०. खासगी विद्यापीठे बारावीच्या आधीच प्रोव्हिजनल प्रवेशाचे पत्र देतात, पण तेही निकालाच्या अटीवरच. अमेरिकेत तर डिसेंबरात प्रवेश मिळालेल्या मुलांच्याही अखेरच्या गुणपत्रिका विद्यापीठे मागवतात आणि घसरण मोठी असेल तर दिलेला प्रवेश काढून घेतात.

एखाद्या विषयात नापास झाल्यास पुरवणी परीक्षा असते. पण २०२५ मध्ये तिचा निकाल जुलैच्या अखेरीस लागला, आणि तोवर आयआयटी-एनआयटीच्या मुख्य प्रवेशफेऱ्या उरकल्या होत्या.

त्या फेऱ्या कशा चालतात ते पुढच्या भागात पाहू. तोवर घरात बारावीचे मूल असेल तर प्रॅक्टिकलची तारीख कोणती आणि जर्नलवर सही झाली का, एवढे आजच विचारा. क्लासवाल्याला नव्हे, कॉलेजात जाऊन.