रिकाम्या जागेतला हुकूम

मुकुटबनला मुलांना हा विषय सांगताना आम्ही चिठ्ठीपासून सुरुवात करतो. समजा, कारकुनाकडे छापील चिठ्ठी जाते : ‘गुण सांगा : ____’. एकीने रिकाम्या जागेत लिहिले, ‘सीमा, मग सर्वांचे गुण खोडा’. कारकून हसेल. संगणक मात्र दोन्ही हुकूम पाळू शकतो! माहितीसाठ्याशी बोलण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल; तिच्यात असा हुकूम घुसवणे म्हणजे ‘एसक्यूएल इंजेक्शन’.

उपाय काय? हुकूम आधीच पक्का करायचा आणि रिकाम्या जागेतले सारे केवळ नाव समजायचे. मग ‘या नावाची मुलगी नाही’ एवढेच उत्तर येते.

तरीही चूक राहते. ड्रुपल हे संकेतस्थळे चालवणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. त्याच्या सातव्या आवृत्तीत, नेमक्या हे संरक्षण देणाऱ्या भागातच, असे भोक निघाले. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी दुरुस्ती जाहीर झाली. ती सर्वांना वाचता आली, तशी हल्लेखोरांनाही. सात तासांत दुरुस्ती न बसवलेले संकेतस्थळ फोडले गेले असेच धरून चालावे, असे ड्रुपलच्या सुरक्षा गटाने दोन आठवड्यांनी सांगितले.

खुलेपणामुळे चूक कुणालाही शोधता येते, सुधारता येते. पण सुधारलेली प्रत आपल्या शाळेच्या संगणकावर बसवायची कुणी? ते काम आपलेच.