वारुळाच्या पोटातील शेती

पेरून खाणारा पहिला जीव म्हणजे माणूस, अशी आपली समजूत असते. माणूस धान्य पेरू लागला त्याला दहा-बारा हजार वर्षे झाली. पण तुमच्या धुऱ्यावरच्या वारुळात राहणाऱ्या उधईचे कूळ सुमारे तीन कोटी वर्षांपासून शेती करीत आले आहे. तिचे वावर जमिनीखाली, अंधारात असते. तिचे पीक एकच, आणि ते म्हणजे बुरशी.

उधईला आपण शत्रू समजतो, ते काही खोटे नाही. ती गव्हाची रोपे वाळवते, उसाचे बेणे पोखरते, संत्र्याच्या खोडावर मातीचे लेप चढवते, घराचे आढे आतून पोकळ करते. पण शत्रूशी लढायचे तर त्याचे घर कसे चालते, हे आधी पाहावे. शिवाय या घरातून दरवर्षी पावसाळ्यात एक पाहुणा आपल्या ताटात येतो. तो टेकोडा ओळखण्यात चूक झाली तर जिवावर बेतते. म्हणून हा लेख घरातील सर्वांना वाचून दाखवा.

मुंग्यांची शेती आणि उधईची शेती

अमेरिका खंडात पाने कापणाऱ्या मुंग्या आहेत. झाडाच्या पानांचे तुकडे कापून, डोक्यावर छत्रीसारखे धरून त्या रांगेने बिळात नेतात. लोकांना वाटे, त्या पाने खातात. थॉमस बेल्ट नावाच्या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने निकाराग्वा देशात त्यांची बिळे खणून पाहिली आणि 1874 साली लिहिले की, त्या पाने खात नाहीत. पानांचा चोथा करून त्यावर बुरशी वाढवतात आणि ती खातात. नवी राणी माहेर सोडताना या बुरशीची चिमूटभर गोळी तोंडात घेऊन निघते. नवी नवरी विरजण घेऊन सासरी जावी, तसाच हा प्रकार.

परदेशात प्राणिसंग्रहालयांतून या मुंग्या काचेआड ठेवतात आणि काही हौशी लोक घरीही पाळतात. आपल्याकडे मात्र त्या नाहीत आणि नाहीत हेच बरे. ब्राझीलमध्ये त्या संत्र्याच्या झाडांची पाने ओरबाडून नेतात. वरूड-मोर्शीच्या बागाईतदाराला हे ऐकूनच धडकी भरेल. परदेशी कीटक परवानगीशिवाय देशात आणण्यास कायद्याने मनाई आहे, ती उगीच नाही.

आपल्याकडे हीच शेती उधई करते. याची नोंद बेल्टच्याही आधी, आपल्याच देशात झाली. दक्षिणेत तरंगंबाडी येथे राहणाऱ्या कोनिग नावाच्या वैद्याने उधईची घरे खणून आतील पांढऱ्या बुरशीच्या कणांचे वर्णन 1779 साली छापले.

आत काय चालते?

विहीर खोदताना किंवा घराचा पाया घेताना वारूळ फुटले, तर नीट पाहा. आत वाटीएवढ्या, कधी डोक्याएवढ्या पोकळ्या असतात. प्रत्येक पोकळीत तपकिरी, हलका, सुरकुत्यांचा गड्डा असतो. अक्रोडाच्या गरासारखा तो दिसतो. त्यावर राजगिऱ्याएवढे पांढरे कण चिकटलेले असतात. पुष्कळ लोक त्यांना उधईची अंडी समजतात. ती अंडी नव्हेत, ते उधईचे पीक आहे.

कामकरी उधई बाहेरून वाळके गवत, काड्या, पऱ्हाटीचे तुकडे, कुटार आणि शेण खाऊन येते. ते अर्धवट पचलेले अन्न ती विष्ठेच्या रूपाने गड्ड्याच्या वरच्या बाजूस लिंपते. त्यातच बुरशीचे बी असते. लाकडातला जो कठीण भाग उधईला पचत नाही, तो ही बुरशी कुजवून मऊ करते. मग उधई पांढरे कण खाते आणि गड्ड्याचा जुना, मुरलेला भाग खालून खात जाते. वरून भर घालायची आणि खालून काढायचे. आपल्या शेणखताच्या खड्ड्याची हीच रीत नाही काय?

या बुरशीला दमट हवा आणि 30 अंशांच्या आसपास ऊब लागते. अकोला-अमरावतीकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, हवा कोरडी होते, तरीही बाग टिकते. कारण जाड मातीच्या भिंती ऊन आत शिरू देत नाहीत आणि उधई खोलवरून ओली माती आणते. हवा खेळती राहण्याची सोयही आहे. आपल्याकडील उंच, कंगोरेदार वारुळांचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. दिवसा बाहेरचे कंगोरे तापतात, रात्री निवतात आणि त्या फरकाने आतली हवा फिरत राहते, असे त्यात दिसले. वारूळ जणू दिवस-रात्रीच्या तालावर श्वास घेते.

आपल्या पूर्वजांनीही वारुळाकडे बारकाईने पाहिले होते. वाल्मीकी हे नावच ‘वल्मीक’ म्हणजे वारूळ या शब्दावरून आले. वराहमिहिराने सहाव्या शतकात जमिनीतील पाण्याच्या खुणा सांगताना वारुळाचाही उल्लेख केला. मात्र एवढ्यावर बोअर घेऊ नका. भूजलाच्या जाणकाराला विचारा.

मुलांसाठी एक पाहणी

खोदकामात बुरशीचा गड्डा हाती लागलाच, तर शाळेतल्या मुलांना एक गंमत दाखवता येईल. गड्ड्यातली उधई झटकून काढावी. काचेच्या बरणीत ओला कागद ठेवून त्यावर गड्ड्याचा तुकडा ठेवावा, झाकण सैल लावावे आणि बरणी सावलीत ठेवावी. काही दिवसांत तुकड्यावर भलतीच बुरशी चढते आणि पुढे तिचे काडीसारखे कोंब निघतात. हे तण आहे. वारुळात असताना तेच तण दबलेले होते, कारण शेकडो कामकरी रात्रंदिवस निंदण करीत होते. धनी गेला की वावराचे रान होते, हे मुलांना दुसऱ्या कोणत्याही धड्यातून इतके चटकन कळणार नाही.

बरणी घरात उघडू नका. दमा असणाऱ्यांना बुरशीच्या धुळीचा त्रास होतो. नंतर तुकडा जमिनीत पुरून हात साबणाने धुवावेत. आणि केवळ या गमतीसाठी चांगले वारूळ फोडू नका. वारुळात हात तर कधीच घालू नये. उधईने घर बांधावे आणि नागाने त्यात राहावे, ही गोष्ट नुसती म्हणीतली नाही.

टेकोडे आणि सात्या

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या उधईची झुंबड उडते. पंख गळतात, जोडपी जमिनीत शिरतात आणि नवा संसार मांडतात. अमेरिकेतल्या मुंगीप्रमाणे आपल्या उधईची राणी सहसा विरजण बरोबर नेत नाही. काही आठवड्यांनी तिची पहिली कामकरी पिले बाहेर पडतात. नेमक्या त्याच सुमारास जुन्या वारुळांतील बुरशी जमिनीवर छत्र्या काढते आणि तिचे बी सगळीकडे पसरते. ते बी पिले चाऱ्याबरोबर घरी नेतात.

या छत्र्या म्हणजेच आपले टेकोडे. त्यांचा देठ जमिनीत मुळासारखा खोल, थेट बुरशीच्या गड्ड्यापर्यंत गेलेला असतो. टोपीच्या मध्यावर टोकदार उंचवटा असतो. दुसऱ्या प्रकारात उधई गड्ड्याचे तुकडे वर आणून पसरते आणि त्यावर बारीक पांढऱ्या छत्र्यांचा सडा पडतो, या सात्या. कोकणातली आणि गोव्यातली माणसेही याच कुळातली अळंबी आवडीने खातात. आफ्रिकेतील झांबियात तर याच कुळातल्या छत्रीची टोपी एक मीटरपर्यंत रुंद होते.

आता मुख्य गोष्ट. पावसाळ्यात उगवणारी प्रत्येक छत्री टेकोडा नसते. काही विषारी छत्र्या दिसायला देखण्या, वासाला चांगल्या आणि चवीलाही बऱ्या असतात. चांदीचे नाणे काळे पडते का, लसूण काळा होतो का, किडे खातात का, या सर्व परीक्षा खोट्या आहेत. त्यांवर विसंबू नका. शिजवल्याने, वाळवल्यानेही हे विष जात नाही.

सर्वांत घातक विषाची लक्षणे खाल्ल्यावर सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. उलट्या, जुलाब, पोटात कळा येतात. मग एखादा दिवस बरे वाटते आणि घरचे निर्धास्त होतात. त्याच काळात आत यकृत निकामी होत असते. म्हणून अशी लक्षणे दिसताच, बरे वाटले तरीही, रोग्याला मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि उरलेली छत्री किंवा भाजी डॉक्टरांना दाखवण्यासाठी सोबत न्यावी.

ज्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या टेकोडे आणतात अशा जाणत्या माणसाने स्वतः पाहून खात्री दिल्याशिवाय रानातली छत्री चुलीवर चढवू नये. देठ मधेच तोडून आणू नये. बुडापर्यंत उकरून पाहावे. बुडाशी पांढऱ्या पिशवीसारखा वाटा दिसला तर ती छत्री तिथेच टाकावी. उकिरड्यावरची, कुजक्या लाकडावरची आणि औषध मारलेल्या धुऱ्यावरची छत्री खाऊ नये. जरा शंका आली, तरी सोडून द्यावी. एक दिवस भाजी हुकल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

वावरातील उधईचे काय करावे?

उधईचा खरा ओढा वाळलेल्या आणि मेलेल्या काडीकचऱ्याकडे असतो. पाण्याच्या ताणाने मरगळलेले पीक तिला लवकर बळी पडते. म्हणून पुढील गोष्टी सांभाळा.

पहिली गोष्ट, कच्चे शेणखत वावरात टाकू नका. अर्धवट कुजलेले खत म्हणजे उधईला आवतणच. खत पूर्ण कुजवूनच वापरा. दुसरी, पऱ्हाट्या आणि तुराट्यांचे ढीग संत्र्याच्या बुंध्याशी किंवा घराच्या भिंतीशी रचू नका. तिसरी, गव्हाला व उसाला पाण्याच्या पाळ्या वेळेवर द्या. चौथी, संत्र्याच्या खोडावरचे मातीचे लेप खरवडून काढा, मेलेली साल साफ करा. पावसाळ्याआधी व नंतर खोडाला मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो मलम लावा. त्यासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी घ्यावे. हे मलम मुख्यतः डिंक्या रोगासाठी आहे. पण खोड निरोगी राहिले की उधईला मेलेली साल मिळत नाही.

औषधाचे म्हणाल तर जुन्या आठवणीवर जाऊ नका. उधईसाठी एकेकाळी सर्रास वापरलेल्या आल्ड्रिनवर 1996 साली आणि बीएचसी पावडरवर 1997 साली बंदी आली. कोणाच्या माळ्यावर जुना डबा असेल तर तो वापरू नका. आज कोणते औषध शिफारशीत आहे, हे घातखेड किंवा दुर्गापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात अथवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात विचारा.

आणि पिकापासून, बागेपासून, घरापासून दूर, पडीक माळावर जे वारूळ आहे, ते राहू द्या. उधई काडीकचरा कुजवते, खालची माती वर आणते, जमिनीत पाणी मुरायला वाटा करते. सगळीच वारुळे फोडली तर टेकोडेही जातील.

घरची बुरशीबाग

टेकोड्याची शेती घरी करता येत नाही; त्याला उधईच हवी. पण उधईची युक्ती आपण धिंगरी अळंबीसाठी वापरू शकतो. विषाची भीती नाही आणि कुटार तर घरचेच.

गव्हाचे किंवा सोयाबीनचे स्वच्छ, न भिजलेले कुटार रात्रभर पाण्यात भिजवावे. नंतर 80 अंश तापलेल्या पाण्यात तासभर ठेवून निथळावे. मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकू नये, पण हात ओला व्हावा. थंड झाल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत थर देत भरावे आणि प्रत्येक थरावर अळंबीचे बी टाकावे. पाच किलो ओल्या कुटाराला शंभर ग्रॅम बी पुरते. पिशवीचे तोंड बांधून बारीक भोके पाडावीत व ती अंधाऱ्या खोलीत ठेवावी. पंधरा-वीस दिवसांत सारे कुटार पांढरे होते. मग पिशवी काढून टाकावी, गठ्ठ्यावर दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारावे, खोलीत हवा व उजेड खेळता ठेवावा. कोंब दिसल्यापासून तीन-चार दिवसांत, टोपीची कड वर वळण्याआधी, काढणी करावी. आपल्या भागात पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत हे जमते. उन्हाळ्यात आपल्याला वारुळासारखे गार घर बांधता येत नाही, तेव्हा तो नाद करू नये.

गठ्ठ्यावर हिरवी किंवा काळी बुरशी दिसली, तर तो तुकडा लगेच बाहेर नेऊन पुरावा. उधई आपल्या बागेत तण राहू देत नाही, तेच आपणही करावे. अळंबी काढून झाल्यावर उरलेले कुटार शेणखताच्या खड्ड्यात टाका. पुढच्या खरिपात ते वावरात जाईल.

यंदा पाऊस पडला की बी कोठे मिळते, याची चौकशी करून दोन पिशव्यांनी सुरुवात करा. आणि लेकरू रानातून छत्री घेऊन आले, तर त्याला रागावू नका. ती छत्री बाजूला ठेवा आणि आधी जाणत्याला दाखवा.