हृदयाच्या भिंतीपर्यंत नेणारी नळी



पेणच्या माणसाला हाताच्या टेकूचे महत्त्व सांगायला नको. गणपतीच्या मूर्तीचे डोळे आखणारा कारागीर आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. कुंचला बारीक, रेघ केसाएवढी, आणि मूर्तीचे सारे तेज त्या रेघेत. कारागीर करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवतो आणि मगच कुंचला चालवतो. करंगळी उचलली की सराईत हातही थरथरतो.

आता अशी कल्पना करा, की मूर्ती खोलीच्या पलीकडच्या टोकाला आहे. कुंचला मीटरभर लांबीच्या, वळणे घेत गेलेल्या नळीतून सरकवायचा आहे. मूर्ती डोळ्यांना दिसत नाही, पडद्यावर तिची नुसती सावली दिसते. आणि ती मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा हलते आहे. मांडीतल्या किंवा मनगटातल्या रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नळी नेऊन तिच्या टोकाने काम करायचे, म्हणजे हे असे काम आहे. त्या नळीला कॅथेटर म्हणतात. आजचे व्याख्यान तिच्या घडणीवर आहे, आणि त्यातही एका प्रश्नावर: नळीचे टोक भिंतीपाशी पोचले, तरी तेथे ते स्थिर कसे राहावे आणि हत्यार भिंतीत नेमके कसे शिरावे?

शरीरात नळी घालणे ही कल्पना जुनी आहे. सुश्रुताने वीस प्रकारची नाडीयंत्रे सांगितली आहेत. परंतु ती शरीराच्या ज्या वाटा मुळात उघड्या आहेत त्यांच्यासाठी होती. रक्तवाहिनी ही बंद वाट. तिच्यातून हृदयापर्यंत जाण्याचे धाडस १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्ड गावच्या वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने केले, तेही स्वतःवर. दंडाच्या शिरेतून त्याने मूत्रमार्गाची नळी आत सरकवली आणि तशाच अवस्थेत क्ष-किरणांच्या खोलीत जाऊन ती हृदयात पोचल्याचे चित्र काढून घेतले. वरिष्ठांची त्याच्यावर मर्जी बसली असे काही झाले नाही. १९५६ साली मात्र कूर्नां व रिचर्ड्स यांच्याबरोबर त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याहूनही मला अधिक कौतुक वाटते ते स्वीडनच्या सेल्डिंगरचे. १९५३ साली त्याने दाखवलेली युक्ती इतकी साधी आहे, की ती आधी कोणाला सुचली नाही याचेच नवल. रोहिणीत पोकळ सुई खुपसायची. सुईतून एक बारीक लवचिक तार आत सोडायची. सुई काढून घ्यायची, तार तशीच ठेवायची. आता त्या तारेवर नळी ओवायची आणि आत सरकवायची. झाले! रक्तवाहिनी कापून उघडण्याची गरज उरली नाही. आजही जगभर रोज लक्षावधी वेळा हेच घडते. आधी तार वाट काढते आणि मागून नळी जाते, हा क्रम ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

नळी दिसायला सामान्य असते. तिची जाडी फ्रेंच नावाच्या मापात मोजतात. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. सहा फ्रेंचची नळी दोन मिलिमीटर जाड, आणि एवढ्या जाडीत तीन थर. आतला थर टेफ्लॉनसारखा गुळगुळीत, म्हणजे हत्यार अडखळू नये. बाहेरचा थर प्लॅस्टिकचा. आणि मध्ये पोलादाच्या अतिबारीक तारांची विणलेली जाळी. बागेला पाणी घालण्याच्या चांगल्या नळीत दोऱ्याची जाळी आपण पाहतो. ती पाण्याच्या दाबाने नळी फुटू नये म्हणून असते. कॅथेटरातली जाळी मुख्यतः पीळ पोचवण्यासाठी असते. डॉक्टर मांडीपाशी नळी पाव वळसा फिरवतो, तेव्हा हृदयातले टोकही पाव वळसा फिरले पाहिजे. नुसत्या रबराच्या नळीत पीळ वाटेतच साठून राहतो, आणि मग एकाएकी सुटून टोक भलतीकडे उडी मारते. धडधडत्या हृदयात अशी उडी परवडणारी नाही.

नळी सर्वत्र सारखी कडक असूनही भागत नाही. कळकाची काठी बुडाशी ताठ आणि शेंड्याला लवचिक असते, तशी तिची घडण असते. मागचा भाग ढकलणी सोसणारा, टोक इतके मऊ की वाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराला ओरखडा येऊ नये. मऊ आणि ताठ हे दोन्ही गुण एकाच नळीत, ठरलेल्या ठिकाणी आणणे, हे या धंद्यातले खरे कसब.

आता टेकूकडे येऊ. रोह्याच्या मंडळींना कुंडलिकेचा अनुभव आहे, पेणच्या मंडळींना अंतोऱ्याच्या खाडीचा. न बांधलेल्या होडीत उभे राहून धक्क्याला हाताने रेटा दिला, तर काय होते? धक्का जागचा हलत नाही, होडी मागे सरकते. कॅथेटरातून हत्यार पुढे ढकलले की तोच प्रकार होतो. हत्यार भिंतीला किंवा अडथळ्याला टेकते आणि नळी उलटी मागे येते. म्हणून नळीला कोठेतरी पाठ टेकवावी लागते.

१९६७ साली अमेरिकेतील मेल्विन जडकिन्स याने हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांसाठी आधीच वळण देऊन ठेवलेल्या नळ्या प्रसिद्ध केल्या. तारेवरून जाताना त्या सरळ असतात. तार काढून घेतली की त्या आपले मूळचे वळण धरतात. डाव्या धमनीसाठी केलेल्या नळीचे टोक धमनीच्या तोंडात बसते आणि तिचा कोपरा महाधमनीच्या समोरच्या भिंतीला टेकतो. ही मूर्तिकाराची करंगळीच म्हणायची. पुढे १९७७ च्या सप्टेंबरात झुरिच येथे आंद्रेआस ग्रुन्ट्सिग याने अशाच नळीतून फुगा नेऊन जाग्या माणसाच्या हृदयाची धमनी प्रथम रुंद केली. सुरुवातीचे फुगे त्याने घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवले होते. धमनी रुंद करण्याच्या या कामात भिंत भेदायची नसते. पण काही कामांत ती भेदावीच लागते, आणि तेथे नळीची खरी परीक्षा होते.

आपल्या भागातले उदाहरण घेऊ. लहानपणी घसा सुजतो, ताप येतो, सांधे दुखतात. आठ-पंधरा दिवसांनी मूल खेळू लागते आणि घरचे विसरून जातात. घशातल्या विशिष्ट जंतूंशी लढताना शरीर कधीकधी स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटते. वर्षांमागून वर्षे झडप जाड होते, तिच्या पाकळ्या कडांना चिकटतात. डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली जी मिट्रल झडप, तिचे तोंड निरोगी माणसात चार ते सहा चौरस सेंटीमीटर असते. रोग बळावला की ते दीडच्याही खाली येते. वीस-पंचवीस वर्षांची मुलगी पाण्याचा हंडा घेऊन चढ चढताना धापा टाकू लागते. घरात म्हणतात, अशक्तपणा आहे. पहिल्या बाळंतपणात तो अशक्तपणा जिवावर बेततो.

पूर्वी यावर उपाय म्हणजे छाती उघडून, चालत्या हृदयात बोट घालून चिकटलेल्या पाकळ्या सोडवणे. १९८२ साली जपानचे कांजी इनोऊए यांनी हेच काम फुग्याने करून दाखवले. पण या झडपेपर्यंत जायचे कसे? शिरांतून गेलेली नळी हृदयाच्या उजव्या बाजूला पोचते, आणि झडप आहे डावीकडे. मधे भिंत. त्या भिंतीत एक पातळ खळगा असतो. आईच्या पोटात असताना तेथे वाट होती, जन्मानंतर ती मिटते. तो खळगा सुईने भेदून पलीकडे जाण्याची रीत १९५९ साली अमेरिकेत जॉन रॉस आणि कॉन्स्टंटिन कोप यांनी स्वतंत्रपणे दाखवली. पुढच्याच वर्षी ब्रॉकनब्रो व ब्राउनवाल्ड यांनी तीत सुधारणा केली.

या हत्याराची रचना पाहण्याजोगी आहे. लांब सुई, टोकाशी किंचित वाकलेली. ती निमुळत्या नळीत, आणि ही नळी आणखी एका म्यानात. सुईचे अणकुचीदार टोक शेवटच्या क्षणापर्यंत नळीच्या आत दडवून ठेवायचे, नाहीतर वाटेतल्या शिरा फाटतील. सुईच्या मुठीवर बाण कोरलेला असतो. हृदयातले वाकण कोणत्या दिशेला आहे ते बाहेरचा हा बाण सांगतो. रुग्णाच्या पायाकडून पाहिले असता तो बाण घड्याळातल्या चार-पाचच्या आकड्याकडे ठेवून सगळे हत्यार वरून हळूहळू खाली ओढतात. भिंतीवरून घसरत येताना टोक त्या खळग्यात टपकन पडते. ते पडणे हाताला कळते, पडद्यावरही दिसते. मगच सुई काही मिलिमीटर पुढे. सुईला दाब मोजण्याचे यंत्र जोडलेले असते. पलीकडे जाताच दाबाची आकृती बदलते. बाण थोडा पुढे वळला तर सुई महाधमनीत शिरेल, फार मागे वळला तर हृदयाच्या बाहेर. बाहेर गेली तर रक्त हृदयाच्या आवरणात साचून हृदय दबते, आणि मग मिनिटांचा हिशेब सुरू होतो. सुई पार झाली की तार, तारेवरून नळी. सेल्डिंगरचाच क्रम! इनोऊएंचा फुगा कमरेत बारीक असतो. आधी पुढचा अर्धा फुगतो, मागे ओढून झडपेला अडकवतात, मग मागचा फुगतो आणि शेवटी कंबर. म्हणजे फुग्यालाही आधी टेकू मिळतो आणि मग तो जोर करतो. मुंबईच्या केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत ही क्रिया नित्याची झाली, हे आपल्याकडच्या गरीब रुग्णांच्या दृष्टीने फार मोठे काम आहे.

केईएमचे नाव निघाले म्हणून दुसरी एक हकीगत सांगतो. ती इतकी सुखाची नाही. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे नाव आपण १९६८ च्या फेब्रुवारीत केईएममध्ये झालेल्या हृदयारोपणामुळे ऐकले असेल. त्याआधी, १९६५ साली, त्यांनी उडवाडिया, किनरे व परुळकर या सहकाऱ्यांसह एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. सापाच्या हृदयात स्नायूला पुष्कळसे रक्त थेट आतल्या कप्प्यातूनच झिरपून मिळते. मग ज्याच्या धमन्या तुंबल्या आहेत अशा हृदयाच्या भिंतीला सुईने अनेक भोके पाडली, तर आतले रक्त स्नायूत झिरपेल काय? कुत्र्यांवरील प्रयोगांत त्यांना आशा दिसली. पण सुईची भोके बुजून जातात असे पुढे आढळले. मिरहुसैनी प्रभृतींनी अमेरिकेत सुईऐवजी लेसर किरण वापरला, आणि छाती उघडून करायच्या या उपचाराला १९९८ साली तेथील सरकारी मान्यताही मिळाली.

मग साहजिकच विचार आला, छाती तरी का उघडा? मांडीतून महाधमनीत, तेथून झडप ओलांडून डाव्या जवनिकेत नळी न्यावी आणि आतूनच भोके पाडावीत. कारागिरांपुढे अवघड काम होते. भिंत गोलाकार, आतून खाचखळग्यांची, सतत आकसणारी. टोक तिला काटकोनात लागले नाही तर किरण तिरपा जाईल. म्हणून एकात एक अशा दोन वळवता येणाऱ्या नळ्या केल्या. बाहेरची महाधमनीत पाठ टेकून राहते, आतली पाहिजे त्या कोपऱ्याकडे वळते. भोक भिंतीच्या आरपार जाऊ नये म्हणून टोकाला तारेच्या पाकळ्यांचा अडसर. हत्यार म्हणून हे उत्तम जमले. रुग्णही सांगू लागले, छातीतली कळ कमी झाली.

तथापि काही चिकित्सकांनी २९८ रुग्णांची कसोटी घेतली. काहींना जास्त भोके, काहींना कमी. आणि काहींना नळी आत नेली, सगळे सोपस्कार केले, पण किरण सोडलाच नाही. कोण कोणत्या गटात हे रुग्णाला ठाऊक नव्हते. सहा महिन्यांनी तिन्ही गट सारखेच! भोके न पाडलेल्यांचीही कळ तितकीच कमी झाली होती आणि चालण्याची ताकद तितकीच वाढली होती. २००५ साली हे सविस्तर प्रसिद्ध झाले. टेकू बरोबर होता, कोन बरोबर होता, अडसर बरोबर होता. त्या भिंतीत भोक पाडण्यानेच काही साधत नव्हते. कसोटी घेणाऱ्यांना मी कारागिरांच्या बरोबरीचा मान देतो. भोके न पाडलेला गट ठेवला नसता, तर हा उपचार आज सर्वत्र चालू असता आणि आपल्यापैकी कोणीतरी शेत गहाण टाकून तो करून घेतला असता.

रोह्यास हाच विषय मांडला तेव्हा एका वृद्ध श्रोत्याने विचारले, "बिनटाक्याचे म्हणजे बिनधोक ना?" नव्हे. टाका नसतो, धोका असतो. भिंत भेदायची असेल, तर शेजारी हृदयाचे चित्र दाखवणारे ध्वनियंत्र हवे, वेळ आलीच तर छाती उघडणारा शस्त्रवैद्य त्याच इमारतीत हवा, आणि हात त्या कामात मुरलेला हवा. हे विचारण्यात संकोच बाळगू नये. चांगला डॉक्टर रागावत नाही.

त्यांनी पुढे असेही विचारले, की मग सेनसाहेबांचे श्रम फुकट गेले म्हणायचे काय? त्या भोकांपुरते पाहिले तर तसे म्हणता येईल. पण दोन वळत्या नळ्यांची ती रचना मोडीत निघालेली नाही. हृदयाच्या स्नायूत औषधी पेशी टोचण्याचे जे प्रयोग चालू आहेत, त्यांत अशाच नळ्या आहेत. सुई किती मिलिमीटर बाहेर यावी हे आधी ठरवता येते. काही नळ्यांच्या टोकाशी बूच काढण्याच्या स्क्रूसारखी पीळदार सुई असते. ती फिरवून भिंतीत बसवली की भिंतीबरोबर हलते, निसटत नाही. पेसमेकरच्या पुष्कळ तारा अशाच बसवतात, आणि पेसमेकर घेऊन हिंडणारी माणसे या सभेतही असतील. राहता राहिले सेन यांचे सहकारी उडवाडिया. त्यांनी १९७२ पासून मुंबईत पोट न उघडता दुर्बिणीने आत पाहण्याची पद्धत रुजवली, आणि १९९० साली त्याच मार्गाने पित्ताशय काढून दाखवले.