आभाळ निरभ्र, म्हणून गारठा

नरडाण्यात जानेवारीची पहाट हुडहुडी भरवते आणि मे महिन्यातली दुपार अंग भाजून काढते. धुळे जिल्ह्यात एखाद्या हिवाळ्यात पारा 5 अंशांच्याही खाली जातो, उन्हाळ्यात 44 च्या आसपास चढतो. सुरतेच्या रेल्वेमार्गावरचं हे गाव; समुद्र तसा फार लांब नाही. पण पावसाळी वाऱ्यांचं बहुतेक पाणी सह्याद्रीच उतरवून घेतो. नवापूरहून पूर्वेकडे येताना पाऊस आटत जातो आणि इथं वर्षाला जेमतेम 600 मिलिमीटरच्या आसपास पडतो.

‘उत्तरेकडून थंडी आली’ असं आपण म्हणतो. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेली थंडी इथल्याच शिवारात रातोरात तयार होते. दिवसभर तापलेली जमीन रात्री अवरक्त किरणांच्या रूपानं उष्णता बाहेर टाकते. हवेत बाष्प किंवा वर ढग असतील तर त्यातली बरीच उष्णता खाली परतते. जमिनीवर गोधडीच पडते म्हणा. कोरड्या, निरभ्र रात्री ती गोधडी नसते. म्हणून तर ‘आभाळ आलं की थंडी पळते’ हा शेतकऱ्याचा अनुभव विज्ञानाला धरूनच आहे. उन्हाळ्यात हाच कोरडेपणा उलटा छळतो. ओल्या जमिनीत उन्हाची बरीच शक्ती पाणी सुकवण्यात खर्च होते. भेगाळलेल्या काळ्या रानात सुकवायला पाणीच नसतं, मग माती आणि हवा तापते.

चीनमधल्या बीजिंगला पाऊस जवळपास आपल्याएवढाच, तोही मुख्यतः जून ते ऑगस्टमध्ये. तरी तिथलं जानेवारीचं सरासरी तापमान शून्याखाली असतं. एक तर ते शहर 40 अक्षांशावर, आपण 21 वर. शिवाय सैबेरियाची गार हवा तिथं थेट पोहोचते. आपल्याकडे तिला हिमालय आणि तिबेटचं पठार अडवतं. म्हणून पहाटे कुडकुडणाऱ्या नरडाण्यात दुपारी स्वेटर नको होतो.

तापीपलीकडे शिरपूरच्या केळीला मात्र पहाटच भोवते. पारा 10 च्या खाली गेला की नवं पान निघणं मंदावतं, घड नीट निसवत नाही, अडकतो. म्हणून रात्री बागेला विहिरीचं पाणी देतात. ते हवेपेक्षा कोमट असतं, आणि ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते. पहाटे बांधावर धूरही करतात, पण वारा असला की तो टिकत नाही. नाल्याकाठच्या खोलगट तुकड्यात तर गार, जड हवा वाहत येऊन साचते. तिथली केळी आधी पिवळी पडते, वरच्या बांधाची तगते.