वाळू, मणी आणि बाळाचा श्वास

एका मिनिटात खाली सरकणारी वाळू आणि तारेत ओवलेले काही मणी. एवढ्या साधनावर नवजात बाळाचा न्यूमोनिया ओळखता येतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत हे श्वासमापक घडवलं, ते ज्यांनी कधी पाटी-पेन्सिल धरली नव्हती अशा दायांसाठी. बाळाचे दहा श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर बाळ धोक्यात आहे. दहापर्यंत मोजता आलं की पुरे!

यामागचं शरीरशास्त्र तितकंच विलक्षण आहे. फुप्फुसात जंतुदोष झाला की ते ताठर होतं आणि श्वास उथळ होतो. मग प्राणवायूची तूट भरून काढायला बाळ श्वासाचा वेग वाढवतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त झाले, तर ती धोक्याची खूण. स्टेथोस्कोप नसला तरी उघडी छाती आणि जाणते डोळे यांवर निदानाची सुरुवात होऊ शकते.

आपल्या खान्देशातही ही गरज आहे. जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यातून शहरातलं मोठं रुग्णालय काही मिनिटांवर आहे. पण तापी ओलांडून यावल, चोपडा किंवा शिरपूरच्या उत्तरेला सातपुड्यात शिरलं की अंतराचा हिशेब बदलतो. पावरा आणि भिल्ल पाड्यांवर पावसाळ्यात नाला भरला की वाट बंद होते. शेजारच्या नंदुरबारमधल्या दुर्गम पाड्यांवरून कळा सुरू झालेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवावं लागतं. तिच्यासाठी डॉक्टर आहेत, पण वेळेत पोहोचता येत नाही.

जगाच्या दुसऱ्या टोकालाही हाच पेच होता. कॅनडाच्या क्युबेक प्रांताच्या उत्तरेकडील नुनाविकमध्ये इनुइट लोकांची 14 गावं आहेत आणि त्यांना जोडणारा एकही रस्ता नाही. तिथल्या गर्भवतींना बाळंतपणाच्या कित्येक आठवडे आधी विमानाने दक्षिणेच्या शहरांत नेत. घरची माणसं मागे राहत आणि बाळंतपण अनोळखी भाषेत होई. अखेर 1986 मध्ये पुवर्निटुक गावात प्रसूतिगृह उघडलं आणि इनुइट बायकाच सुईणपण शिकू लागल्या. त्याच 1986 साली गडचिरोलीत ‘सर्च’ची स्थापना झाली. एकीकडे बर्फ, दुसरीकडे जंगल, पण दोन्हीकडे उत्तर एकच निघालं: आईला ज्ञानापर्यंत ओढत नेण्यापेक्षा ज्ञान आईच्या उंबऱ्यापर्यंत न्यावं.

‘सर्च’ने गडचिरोलीच्या 39 गावांत ते नेलं. थोडं शिकलेल्या गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, वजन करणं, तापमान पाहणं, जंतुदोष ओळखणं आणि गरज पडल्यास जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं हे सगळं त्या शिकल्या. नवजात बाळाला घरात गावातली बाई सुई टोचणार, ही कल्पनाच तेव्हा अनेकांना धाडसी वाटली. 1999 च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले. हे काम न झालेल्या गावांच्या तुलनेत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. जंतुदोष झालेल्या शंभर बाळांमागे आधी सोळा-सतरा दगावत, ते प्रमाण तीनाच्याही खाली आलं.

यातली एक शिकवण तर आपल्या उकाड्याच्या खान्देशात मुद्दाम सांगायला हवी. नवजात बाळ मे महिन्यातही गारठू शकतं. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा पसारा मोठा, अंगावर चरबी थोडी. ओलं अंग सुकताना शरीराची ऊब निघून जाते आणि मोठ्यांसारखं कुडकुडून ऊब निर्माण करणं त्याला जमत नाही. म्हणून जन्मताच न्हाऊ घालण्याची घाई नको. बाळाला कोरडं पुसावं, डोकं झाकावं आणि आईच्या उघड्या छातीशी बिलगवून ठेवावं.

2011 पासून केंद्र सरकारने नवजात बाळाच्या घरच्या काळजीचा हा कार्यक्रम आशाताईंमार्फत देशभर नेला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई येते. घरीच जन्म झाला असेल, तर पहिल्या दिवशीही. गडचिरोलीच्या जंगलात सिद्ध झालेली रीत आज जळगाव-धुळ्याच्या गावोगावी पोहोचली आहे.

तेव्हा आशाताई आली की तिला घाईत वाटेला लावू नका. बाळ तिच्या हाती द्या, वजन करू द्या, श्वास मोजू द्या. बाळ दूध ओढेनासं झालं, अंग थंड किंवा तापलेलं लागलं, निपचित पडलं, श्वास भरभर चालला किंवा छाती आत ओढली जाऊ लागली, तर उद्याची वाट पाहू नका. त्याच घटकेला 108 ला फोन करा.